दुकानात भोंगा नव्हता

माझ्या थोरल्या भावाचं ठरलेलं लग्न मोटारीच्या चार टायरांमुळे मोडलं, असं आमच्या घरात गेली साठ वर्षं सांगितलं जातं. हे खोटं आहे. टायर अतिशय चांगले होते. मीच निवडले होते.

आता दादा नाही, पाटील नाहीत, मोटार तर केव्हाच भंगारात गेली. खरं काय झालं ते ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे, तेव्हा लिहून टाकतो. (हसायला हरकत नाही. लोक साठ वर्षं हसतच आले आहेत, फक्त चुकीच्या माणसाला.)

एकोणीसशे पस्तीस-छत्तीसचा सुमार असेल. दादाची भोर ते हिर्डोशी अशी सर्व्हिस मोटार होती. दुपारी भोरहून निघायची, मुक्काम हिर्डोशीला, सकाळी परत. मी पुण्यात दोन वर्षं कॉलेजात काढून, नापास होऊन घरी आलो होतो आणि मागच्या बाकावर बसून उतारू मोजायचं काम करत होतो. नापास झालेल्या माणसाला जगातल्या सगळ्या गोष्टींत सुधारणा सुचतात. मला पहिल्याच आठवड्यात सुचली ती टायरांची.

त्या टायरांना जाड रबरी ठोकळे होते आणि ते एका अंगानं झिजलेले. कडक रस्त्यावर गाडी पळू लागली की त्यांतून एक घुमणारा आवाज निघे. शेजाऱ्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे, आणि शेजारी तंबाखू खाणारा असेल तर तेही धोक्याचं. पुण्यात एका मित्राच्या वडलांच्या मोटारीत मी बसलो होतो. (मंडईपासून स्टेशनापर्यंत. एकदाच.) ती गाडी मांजरासारखी चाले. तेव्हापासून माझं ठाम मत झालं होतं की सभ्य माणसाच्या गाडीला आवाज नसतो.

दादा म्हणे, "आवाज आहे म्हणून बरं आहे."

का बरं होतं, ते सांगायला हवं. हिर्डोशीहून भोरकडे येताना वाटेत एक लांब उतार लागे. त्याला पाच वळणं, आणि पाचव्या वळणाच्या वर उंबरवाडी. पेट्रोल वाचवायला दादा उताराच्या माथ्यावर इंजिन बंद करी आणि गाडी नुसती सोडून देई. मग रानात दुसरा आवाज नाही, टायर तेवढे गात येत. पहिल्या वळणाला ते गाणं कानावर आलं की वाडीतल्या बाया चुलीवरचं भांडं उतरवत, तिसऱ्याला गडी पागोटी बांधत, पाचव्याला माणसं रस्त्यावर हजर. कुणाला घड्याळ लागत नसे. भोंगाही लागत नसे. आमच्या भोंग्याचा रबरी फुगा केव्हाच चिरला होता. दाबला की दमेकरी म्हाताऱ्यासारखा फुस्स करून गप्प बसे.

उंबरवाडीचे पाटील आठवड्यातून एकदा भोरला येत. पुढची सीट त्यांची. एकदा गाडीत बसता बसता ते दादाला म्हणाले, "बापू, आमची गंगू चुलीम्होरं बसून सांगती, आज गाडीत मानसं किती हाईत."

"ते कसं काय?"

"भरली गाडी खालच्या सुरात वरडती म्हनं, आन् रिकामी वरच्या. आज बोलली, धा. मोजा."

मी मोजली. दहा होती. दादानं भलताच गियर टाकला आणि गाडी अशी उडाली की पाटलांचं पागोटं माझ्या मांडीवर येऊन पडलं. दुसऱ्या दिवसापासून दादा तो उतार फार सावकाश उतरू लागला. उतारू कुरकुरत. दादा म्हणे, "ब्रेक जपायला पायजे."

पुढं रीतीप्रमाणे पाटलांच्या गंगूसाठी मध्यस्थ गेले, बोलणी झाली आणि दिवस ठरला. येत्या गुरुवारी पाटील चार माणसं घेऊन सकाळच्या गाडीनं भोरला आमच्या घरी येणार, घर बघणार, जेवणार आणि सुपारी फुटणार. दादा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्या आठवड्यात त्यानं मोटार दोनदा धुतली आणि स्वतः एकदा.

नेमके तेव्हाच टायर आतल्या कापडापर्यंत झिजले. दादानं मला पुण्याला पाठवलं. हातात चिठ्ठी दिली : टायर चार, आहेत तसेच, ठोकळ्यांचे. भोंग्याचा फुगा एक.

पुण्याच्या दुकानात मी ठोकळ्यांचे टायर बघितलेच नाहीत. सरळ बारीक रेघांचे टायर मागवले, आणि कुठला सगळ्यांत गुपचूप चालतो ते ठरवायला एकेक करून दुकानासमोरच्या फरशीवर घरंगळत सोडले. टायर पुढं आणि मी कान खाली करून त्याच्या बरोबरीनं धावतोय. गर्दी जमली.

दुकानदार म्हणाला, "अहो, टायर आहे तो, तंबोरा नाही."

"आम्हाला आवाज नको आहे."

"खेड्यातली गाडी ना? चिखलात घसरतील हे."

"घसरू देत. आवाज नको."

"मग बैलगाडी घ्या आणि भरपूर वंगण घाला."

चौथ्या टायरामागून धापा टाकत मी दुकानात शिरलो, तो माझं डोकं वर टांगलेल्या भोंग्यांच्या घोसात अडकलं. वीस-पंचवीस तरी भोंगे होते. त्यातला एक माझ्या कानाशी वाजलासुद्धा. दुकानदारानं विचारलं, "भोंगा हवा का?" मी टोपी सोडवून घेत रागानं म्हणालो, "नको." माझं डोकं तेव्हा शांततेनं भरलेलं होतं. खिशातल्या चिठ्ठीची आठवण झाली तेव्हा मी कात्रजचा घाट चढत होतो.

मी विसरलो, एवढं म्हणालो असतो तर दादा म्हणाला असता, "गाढवा," आणि गोष्ट संपली असती. पण दोन वर्षं नापास होऊन आलेल्या माणसाला आणखी एक विसरणं परवडत नाही. दादानं विचारलं, "फुगा?"

"दुकानात भोंगा नव्हता," मी म्हणालो. "एकही नाही. विलायतेहून यायचेत म्हणे."

माझं हे एक वाक्य. विलायतेची तर गरजही नव्हती.

दादानं टायरांवरून हात फिरवला. "गुळगुळीत हाईत रे. ठोकळ्यांचे सांगितलेले."

"मांजरासारखी चालेल गाडी. सासऱ्यांना पुढच्या सीटवर झोप लागेल."

"आवाजाचं काय वाईट होतं?" तो म्हणाला, आणि टायर बसवायला लागला.

गुरुवारी सकाळी आम्ही हिर्डोशीहून निघालो. नव्या टायरांवर तो उतार पहिल्यांदाच उतरायचा होता. मागं आठ उतारू, पुढची सीट पाटलांसाठी मोकळी, तिच्यावर आईनं दिलेली धुतलेली चादर. उताराच्या माथ्यावर दादानं इंजिन बंद केलं. काय सांगू, गाडी अशी उतरली की जणू नाहीच. पाखरं रस्त्यावरून उठेनात. एक उतारू घाबरून म्हणाला, "डायवर, चाकं हाईत ना खाली?" मी अभिमानानं सगळ्यांकडे बघत होतो.

पाचव्या वळणाला रस्त्यावर कुणी नव्हतं.

दादा थांबला. भोंगा दाबला. फुस्स. पुन्हा दाबला. पुन्हा फुस्स. मागच्या एका म्हाताऱ्याची भोरच्या कचेरीत तारीख होती, तो कुरकुरू लागला. दादा मला म्हणाला, "वर जा. हाक मार."

वाट शेणाची होती आणि मी त्या दिवसासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते. मी म्हणालो, "आपण मुलाकडचे. आपण दारात जाऊन हाका मारायच्या? यायचं असतं तर रस्त्यावर उभे असते. मन फिरलं असेल त्यांचं."

मन फिरलं असेल, हे ऐकून दादाचा चेहरा उतरला. तो स्वतः जायला उठला, तर मी म्हणालो, "नवरामुलगा जातो का कुठं?" तो पुन्हा बसला. थोड्या वेळानं बारीक आवाजात म्हणाला, "मार हँडल."

मी मारलं. इंजिन धडधडलं, गाडी निघाली. वळताना मला मागं धुळीत काहीतरी पांढरं हलताना दिसलं. मला वाटलं, बगळा. (बगळा रस्त्यातल्या धुळीत कशाला उभा राहील, हा विचार मला म्हातारपणी सुचला.) ते पाटील होते. हातात पागोटं धरून हलवत होते. पहाटेपासून पाचही जण कपडे करून ओट्यावर कान देऊन बसले होते, आणि इंजिनाचा आवाज आल्यावर धावत खाली उतरले होते.

पाटील आले. दुपार कलल्यावर आले, निम्मी वाट चालत आणि निम्मी बैलगाडीत. घरात पुरणपोळ्या गार झाल्या होत्या, आई देवापुढं बसली होती. पाटील पाय धुऊन बैठकीवर बसले, बरोबर त्यांच्या शाळेचे मास्तर. दादा हात जोडून उभा.

पाटील म्हणाले, "बापू, राग आलता. लई आलता. पर निम्म्या वाटंत गेला. चालत्या मानसाचा राग टिकत न्हाई. आता सांगा, काय झालं?"

"पाटील, टायर बदलले. आवाज येत नाही त्यांचा. मी थांबलो होतो, देवाशप्पथ."

"थांबला आसाल. मंग भोंगा का न्हाई वाजवला?"

"फाटलाय. धाकट्याला पुण्याला धाडला होता, दुकानात एकही भोंगा नव्हता. विलायतेहून यायचेत."

मास्तरांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "कुठल्या दुकानात?"

दादानं सांगितलं. मास्तर म्हणाले, "मी तिथं परवा सायकलची ट्यूब घ्यायला गेलो होतो. भोंगे असे टांगलेत की आत शिरताना डोक्याला लागतात."

पाटील दादाकडे बघत होते. दादा माझ्याकडे बघत होता. मी मास्तरांनी खाली ठेवलेला तांब्या उचलला आणि पाणी प्यायलो. इतकं सावकाश पाणी मी जन्मात प्यायलो नाही. तांब्या संपला, तरी लावून बसलो.

शेवटी दादाच म्हणाला, "माझीच ऐकण्यात चूक झाली असंल."

पाटील उठले. आवाज चढवला नाही. "गाडी चुकली, ती चुकली. उद्या दुसरी येती. पर दारात आलेल्या मानसाला थापा मारायच्या, आन् त्या पकडल्यावर चूक झाली म्हनायचं... माझी लेक कानानं जगती, बापू. तिला खोटं लगीच ऐकू येईल. आमी येतो."

मास्तर जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही शिकलेले दिसता. भावाला जरा शिकवा."

सुपारी ताटात तशीच राहिली. दादानं मला जाब विचारला नाही. त्या दिवशी नाही, नंतर कधी नाही. आईनं टायरांना शिव्या दिल्या, शेजाऱ्यांनीही टायरांनाच दिल्या, आणि मी मान डोलावली. असं ते टायरांवर गेलं.

महिन्याभरानं दादा स्वतः पुण्याला गेला. आल्यावर भोंग्याला नवा फुगा बसवला आणि माझ्यासमोर एकदा दाबला. आवाज आळीभर घुमला. दादा म्हणाला, "मिळाला." एवढंच. आणि गाडी पुसायला लागला. त्यानं मला मारलं असतं तर मी आज बराच कमी म्हातारा असतो.

दादानं लग्न केलं नाही. पुढं मोटार वेल्ह्याकडे चालवायची संधी आली, तीही त्यानं घेतली नाही, कारण गंगूला त्या बाजूला, राजगडाखालच्या पालीत दिली होती. मला मात्र एका लग्नाच्या निमित्तानं पालीला जावं लागलं. त्या गुरुवारला वीस वर्षं झाली असतील. पंगतीत वाढता वाढता एक बाई माझ्यापाशी थांबली.

"भोरच्या बापू डायवरचं धाकलं भाऊ ना तुमी? म्या उंबरवाडीची."

माझा घास तोंडातच राहिला.

"येक इचारायचं हुतं. त्या दिशी गाडीत मानसं किती हुती?"

"आठ," मी म्हणालो. "आणि पुढची जागा मोकळी."

तिनं भाताचं पातेलं कमरेवर टेकवलं. "म्या चुलीम्होरं बसूनच हुते. कायबी ऐकू आलं न्हाई. मला वाटलं, आलेच न्हाईत."

भोंग्याचं सांगायला याहून चांगली वेळ आयुष्यात येणार नव्हती. मी म्हणालो, "टायर नवे होते, ताई."

"व्हय," ती म्हणाली, "टायरच वाईट," आणि माझ्या पानात आणखी भात वाढला. मी तो सगळा खाल्ला.

तर खरं हे असं आहे : टायर चांगले होते, दादा खरा होता, खोटा मी. हे लिहून मन हलकं झालं. आता इथून पुढं खोटं बोलायचं नाही, असं मी काल सकाळी ठरवलं.

काल संध्याकाळी नातू मला त्याच्या गाडीतून आंबवड्याला घेऊन गेला. आवाज कमी व्हावा म्हणून त्यानं हौसेनं नवे टायर बसवलेत. रस्त्यात तो माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाला. ओठांवरून वाटलं की विचारतोय, "आजोबा, टायरांचा काही आवाज येतो का?"

मी म्हणालो, "छे, अजिबात नाही. उत्तम निवडलेस."

तो खूश झाला. मला गेली सहा वर्षं कशाचाच आवाज येत नाही, हे मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.