उराला आलेलं उत्तर

तुओहेच्या बोटांना नीरफणसाचा चीक जन्मभर चिकटलेला. फांदीला चीक फासायचा, शेजारी आपला पाळलेला लाल राघू बांधायचा आणि दडून बसायचं. त्या राघूने साद घातली की रानातले राघू झेपावत यायचे आणि अडकायचे. पिसं सरदाराच्या कमरपट्ट्याला, मांस आमच्या पोटात. त्याच्या बापाने, आज्याने हेच केलं आणि साऱ्या बेटाने मिटक्या मारत खाल्लं.

अलीकडे मात्र त्याचा राघू, उरा, साद घालून घालून दमायचा आणि रान गप्पच. "पलीकडच्या डोंगरात गेलेत," असं जो तो म्हणायचा. टीचभर आमचं बेट, त्याला पलीकडचा डोंगर तो केवढा! झाडं जाळून अळूची खाचरं आपणच केली, होड्यांतून उंदीर आपणच आणले, हे बोलायला कुणाची जीभ रेटत नव्हती.

त्यात नवा सरदार व्हायचा होता, म्हणजे रिवाजाप्रमाणे पट्ट्याला लाल पिसांची नवी पट्टी जोडणं आलं. नव्या सरदाराचा चुलता दारात येऊन टोमणा मारून गेला, "काय रे तुओहे, रानात नसले तर घरात आहे की एक!"

तुओहेने उराला उचलून आत नेलं. उराला त्याने पंख फुटायच्या आधीपासून भरवून वाढवलेलं. आणि आता तर उराने केळफुलातला मधही सोडला होता. नुसता पिसं फुगवून बसायचा.

मग एका पहाटे घरामागच्या घळीतून उत्तर आलं. उरा ताठ झाला, ओरडला. पुन्हा उत्तर आलं आणि तो मध प्यायला. तुओहे जो धावत सुटला तो थेट सभेच्या चौथऱ्यावर. "राघू आहेत! सरदाराच्या सभेपर्यंत पट्टी मी पुरी करतो. नाही केली तर माझा उरा घ्या!" तिथल्या देवांच्या दगडांसमोर दिलेला शब्द तो, मागे घेता येत नाही.

उराला घेऊन तो घळीत बसला, तर तिथे चिडीचूप. घरी असला की पहाटे उत्तर हजर. शेवटी एकदा उराला घरी ठेवून तो एकटाच गेला. बायको माएवा पाण्याला गेली होती, ती केवड्याच्या आड तोंडाशी ओंजळ धरून राघूची साद काढत उभी.

"अगं, तू?"

"उपाशी मरत होता रे तो. म्हटलं, कुणीतरी ओ द्यावी. मला काय ठाऊक, तू लगेच जाऊन तोंड वाजवशील!"

"मग सांगायचंस तरी."

"तुझा तो हसरा चेहरा बघून धीरच झाला नाही."

सभेच्या दिवशी उरा आपणहून त्याच्या बोटावर येऊन बसला.

"घळीत जा," तुओहे म्हणाला. "हाक दे त्याला."

"माझ्याच्याने नाही व्हायचं."

"उत्तर ऐकत ऐकत जाऊ दे गं त्याला."

ती गेली. घळीतून साद आली. उराने मान उंचावून उत्तर दिलं आणि तुओहेची मूठ त्या मानेभोवती मिटली. घळीतून हाक येतच राहिली, थांबायचं कधी हे माएवाला तिथे कसं कळणार!

उराच्या पिसांनी पट्टी तळहाताएवढीच भरली. सरदाराने पट्टा उन्हात धरून निरखला.

"रंग झकास आहे," तो म्हणाला. "उरलेली कधी आणतोस?"