अण्णांचा वाढीव डोस

मी शेतकीचा पदवीधर. पिंपळगाव बसवंतला माझं खतं-औषधांचं दुकान होतं, आणि नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा डोस या विषयात पंचक्रोशीत माझ्याइतकं कुणाला कळत नाही अशी माझी ठाम समजूत होती. बाटलीवर पाच मिली लिहिलं असेल तर मी सात सांगायचो. "कंपनीवाले भित्रे असतात हो, तुम्ही बिनधास्त टाका!" एका गिऱ्हाइकाने माझ्या शब्दावर द्राक्षाचा मणी फुगवायचं औषध जास्त वापरलं, तर देठ कडक होऊन मणीच गळाले. तो दुकानात येऊन जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी त्याच्या विहिरीच्या पाण्याला दोष देऊन मोकळा झालो.

अशा या महापंडिताच्या वडिलांना घशाचा कॅन्सर झाला.

अण्णा कांद्याच्या बाजारात लिलाव पुकारायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग, मागून व्यापाऱ्यांचा घोळका आणि पुढे अण्णा. भोंगा नाही, काही नाही, नुसता गळा. पहिल्या ट्रॉलीचा पुकारा शेवटच्या ट्रॉलीवाल्याला ऐकू जायचा. बोलीला तोंड फोडण्याआधी त्यांचं एक ठरलेलं असे, "तळ दाखव रे!" कारण वर चकचकीत माल रचून खाली सडका भरायची कला आमच्याकडे पुष्कळांना येते. तळातला कांदा वर आल्याशिवाय अण्णा बोली सुरू करत नसत. सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी सोडलं नाही; मामा त्यानंतर वर्षभर आमच्याकडे जेवायला आला नव्हता.

त्यांचा आवाज बसला आणि दोन महिने बसलेलाच राहिला, तेव्हा नाशकात नेलं. स्वरयंत्रावर गाठ निघाली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, लवकर सापडलीय, आपण किरणांचा शेक देऊ. गाठ गेली तर आवाज राहील. नाही गेली तर ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढावं लागेल. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घोगऱ्या आवाजात एवढंच विचारलं, "मंग पुकारू काय हातानं?"

मॅडमनी एक कागद पुढे ठेवला. त्यांच्याकडे एक अभ्यास चालू होता. निम्म्या पेशंटना नेहमीचा डोस द्यायचा, निम्म्यांना थोडा वाढीव. वाढीव डोसने गाठी जास्त जातात का आणि तो घशाला सोसतो का, हे बघायचं होतं. कोण कुठल्या गटात, ते संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार, आणि अभ्यास संपेपर्यंत पेशंटला ते सांगणार नाहीत. नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार मिळणारच होते.

'वाढीव' हा शब्द कानावर पडला आणि पुढचं काही मी ऐकलंच नाही. अण्णांनी मात्र एकेक ओळ माझ्याकडून वाचून घेतली, दोन प्रश्न विचारले आणि मग सही केली.

आता चिठ्ठी टाकायची म्हटल्यावर ती आपल्या बाजूने पडावी याची तजवीज आधी करायची असते, एवढं व्यवहारज्ञान मला होतं. दुसऱ्याच दिवशी मी अण्णांना आणि निवडक द्राक्षांच्या दोन पेट्या घेऊन मॅडमच्या दारात हजर. त्या म्हणाल्या, "अहो, संगणक द्राक्षं खात नाही." आणि पेट्या बाहेर बसलेल्या पेशंटमध्ये वाटून टाकायला सांगितल्या. अण्णांच्या शेजारी एक म्हातारा बसला होता, घशाचाच पेशंट. त्याने एकच मणी तोंडात धरला आणि बराच वेळ चोखत राहिला. "लय गोड हाय," म्हणाला. मी मनात म्हटलं, काम फत्ते!

शेक सुरू झाला. रोज एस्टीने नाशिक, रोज परत. तिसऱ्या आठवड्यात अण्णांच्या मानेची कातडी काळवंडली, घशात आग व्हायला लागली. मी खूश! लागू पडतंय म्हणजे वाढीवच असणार. दुकानात येईल त्याला सांगत सुटलो, "आमच्या अण्णांना जोरदार डोस चालू आहे." जणू पोराला मेडिकलला ॲडमिशन मिळाली होती.

इकडे अण्णा भाकरीवरून खिचडीवर आले, खिचडीवरून पेजेवर. मॅडम दर सोमवारी विचारायच्या, गिळता येतं का, किती दुखतं, काय खाता, आणि सगळं लिहून घ्यायच्या. मला वेगळीच धास्ती. तक्रार केली तर वाढीव डोस बंद करतील! म्हणून मी अण्णांना बजावलं, विचारलं की 'बरं हाय' म्हणायचं.

"तळ लपवतो व्हय रे?" अण्णा म्हणाले.

"हा कांद्याचा बाजार नाही अण्णा! आवाज पाहिजे ना तुम्हाला?" मी खेकसलो.

अख्ख्या बाजाराला दटावणारा माणूस माझ्यासारख्याच्या पुढे गप्प बसला, तो मला घाबरून नव्हे. त्यांना आवाज खरोखरच हवा होता. मी मात्र त्यांच्या वतीने ठोकून दिलं, "काल दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी."

प्रश्न राहिला वजनाचा. वजनकाटा काही माझ्या दरडावण्याला भीक घालेना. पण शहाणपण माझ्याकडे उतू चाललं होतं. दुकानातली लोखंडी वजनं होती, एक-एक किलोची. अण्णांच्या बंडीच्या आतल्या खिशात मी आधी एक ठेवलं, पुढच्या सोमवारी दोन. पाचव्या आठवड्यात अण्णा चार किलो लोखंड अंगावर घेऊन काट्यावर चढले. खणखणू नये म्हणून प्रत्येक वजन मी फडक्यात गुंडाळलं होतं. अक्कल होती हो, पण वापरली कुठे बघा!

पितळ उघडं पाडलं ते मास्कने. सुरुवातीलाच अण्णांच्या तोंडामानेवर बेतून जाळीचा एक प्लॅस्टिकचा मास्क बनवला होता. रोज तो चढवून टेबलाला घट्ट अडकवायचे, म्हणजे मान सूतभर हलायला नको. मशीनवरचा माणूस बाहेर आला आणि मॅडमना म्हणाला, "यांचा मास्क ढिला झालाय." मॅडमनी फाईल बघितली. वजन जिथल्या तिथे. त्या अण्णांच्या गालांकडे बघत राहिल्या. "बाबा, बंडी काढून काट्यावर उभे राहा बरं."

मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं, तोवर अण्णांनी खिशात हात घातला. एकेक वजन काढलं, फडकं सोडलं आणि मॅडमच्या टेबलावर ओळीने मांडून ठेवलं. चारही.

मॅडमनी वजनं बाजूला सारली. मग माझ्याकडे वळल्या. "मास्क ढिला म्हणजे मान हलणार. किरण गाठीवर पडताहेत का शेजारी, ते मला काय स्वप्नात दिसणार?" ज्या आवाजासाठी मी हा सगळा उद्योग केला, तो कदाचित मीच घालवला होता. त्या पुढे म्हणाल्या, "आणि या नोंदींवरून पुढच्या माणसाला किती डोस द्यायचा ते ठरणार आहे. तुम्ही सांगता, भाकरी खातात! उद्या त्याचा घसा जळाला तर?"

मला द्राक्षाचा मणी चोखणारा तो म्हातारा आठवला. मी तिथे सगळ्यांसमोर रडलो. शेतकीचा पदवीधर!

अण्णांनी हाताने खूण करून कागद मागितला. पहिल्या आठवड्यापासून कधी काय दुखलं, काय गिळता आलं नाही, सगळं कुजबुजत सांगितलं आणि मला लिहायला लावलं. जुन्या नोंदींवर मॅडमनी लाल रेघ मारली. नवा मास्क बनला, नाकातून नळी घातली, राहिलेला शेक पुरा झाला. मग नुसतं वाट बघणं. दर तपासणीला मी पेपर वाचायचं सोंग करायचो आणि कान मात्र दाराकडे लावून बसायचो.

गाठ गेली. अभ्यास संपल्यावर मॅडमनी गटही सांगितला. अण्णा नेहमीच्या डोसाच्या गटात होते! ज्या जोरदार डोसाची मी पिंपळगावभर दवंडी पिटली, तो त्यांना एक दिवससुद्धा मिळाला नव्हता. अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी कितीतरी दिवस दुकानात कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतो. बाटलीवर पाच लिहिलं असेल तर पाचच सांगायला लागलो, गिऱ्हाइकांना वाटलं मी आजारी आहे.

आवाज हळूहळू परतला. पण पातळ, चिरका. कुणाला कळायच्या आत एका सकाळी अण्णा बाजारात जाऊन उभे राहिले. मी मागोमाग धावलो. त्यांनी पुकारा केला, तो दोन ट्रॉल्यांपलीकडे जाईना. व्यापारी म्हणजे मयतीलाही गप्प न बसणारी जमात. पण एकाने हात वर केला, दुसऱ्याने ओरडून ट्रॅक्टर बंद करायला लावले, आणि बघता बघता सगळा बाजार चिडीचूप झाला.

अण्णांनी घसा खाकरला. ट्रॉलीकडे न बघता माझ्याकडे बघितलं आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "तळ दाखव रे!"

शेवटच्या ट्रॉलीपर्यंत ऐकू गेलं. मला तर गेलंच.