उजव्या बाजूचा युरोप

आमच्या युरोपच्या सायकल सहलीत गोंधळ नक्की कुठून सुरू झाला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक सुरुवातीपासूनच होता. आम्ही दोघी सिंगापुरात, पण मी राहते वुडलँड्सला, मैत्रीण हौगांगला. म्हणून दर शनिवारी सेरंगूनच्या मॉलमधल्या फूडकोर्टात भेटायचं आणि बेत पुढे सरकवायचा. तो काही सरकत नव्हता. डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतून बुडापेस्टपर्यंत जायचं, एवढं पक्कं. बाकी सगळा आनंदीआनंद! तंबू न्यायचा की नाही? थालीपिठाची भाजणी किती घ्यायची? व्हिसाला रोजच्या मुक्कामाची बुकिंगं हवीत, आणि रोज किती अंतर झेपणार हेच आम्हाला माहीत नाही. मी वैतागून फोन पालथा घालायचे, ती शांतपणे तो उचलून परत माझ्या हातात द्यायची.

घाई तिला होती, आणि त्याला कारण होतं. दोनेक वर्षांपूर्वी ती एका सकाळी उठली ती डावा कान बंद होऊनच. औषधं झाली, इंजेक्शनं झाली, कान काही उघडला नाही. तेव्हापासून घरचे तिला रस्ता ओलांडतानासुद्धा दंड धरून नेतात. "मी काय लोणच्याची बरणी आहे का गं?" एकदा ती माझ्यावरच खेकसली. ही सहल म्हणजे त्या सगळ्यांना तिचं उत्तर होतं. सहल बारगळली असती तर ती पुन्हा सायकलवर बसली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

माझं काम ठरलेलं. चालताना, बसताना, जेवताना मी तिच्या उजव्या हाताला. सायकलवर मात्र मागे. इथे गाड्या आपल्या उजवीकडून पुढे जातात, म्हणजे तिच्या चांगल्या कानाकडून. रविवारी पहाटे रस्त्यावर निघालो की माझ्याआधी तिलाच गाडीची चाहूल लागायची. अशा चकरा मारून मारून आम्हाला वाटायला लागलं होतं, की आता युरोप काय, सहज मारू!

त्या शनिवारी तिने फोनवर त्याच वाटेचा एक व्हिडिओ लावला. हँडलला कॅमेरा बांधून कुणीतरी निघालंय, शेजारी नदी, मध्येच एखादं गाव. बघून डोळे निवले, पण मला काहीतरी खटकत होतं.

"हा व्हिडिओ उलटा आहे," मी म्हणाले.

"उलटा म्हणजे?"

"आरशात दिसतं तसा. बघ ना, सगळे चुकीच्या बाजूने चाललेत."

"अगंबाई, खरंच की! कसली कामं करतात लोक."

तेवढ्यात एक बेकरी आली. पाटीवरची अक्षरं अगदी सरळ होती.

आम्ही दोघी त्या पाटीकडे बघतच राहिलो. पुण्यात डावीकडून, सिंगापुरात डावीकडून; युरोपात गाड्या उजवीकडून चालतात हेच कधी डोक्यात आलं नाही. बरं, युरोप आम्ही बघितलेला होता. मी ऑफिसच्या कामाला जाऊन आले होते, टॅक्सीच्या मागच्या सीटवर फोनमध्ये डोकं घालून. ती टूरबरोबर गेली होती, बसमध्ये झोपा काढत. भाजणीवर इतकं डोकं पिकवलं, आणि हे सुचू नये? मला स्वतःचाच असा संताप आला!

"म्हणजे तिकडे गाड्या माझ्या डावीकडून येणार," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता.

"नदीकाठी कुठल्या आल्यात गाड्या?"

"गावांतून जावं लागतं. तूच सांगितलंस."

"मग मी मागून ओरडेन."

"तू ओरडलीस तर ऐकू येईल गं. पण गाडी कुठल्या बाजूला आहे, ते कळत नाही मला. एका कानाने दिशा कळत नाही."

राहू दे ही सहल, असं अगदी ओठांवर आलं होतं. आणि ते म्हटलं तर तिचा दंड धरणाऱ्यांत माझीही भर पडणार. मी फोन पालथा घातला. या वेळी तिने तो उचलून दिला नाही.

थोड्या वेळाने ती उठली, ट्रे जागेवर ठेवून आली आणि आम्ही एमआरटीच्या स्टेशनकडे, मेट्रो पकडायला निघालो. मी सवयीने तिच्या उजवीकडे गेले. तिने माझं कोपर धरलं आणि मला फिरवून डावीकडे आणलं.

"आजपासून तू इथे, गाड्या येणार त्या बाजूला. तिकडे मोकळा रस्ता असेल तेव्हा माझ्या बरोबरीने चालवायचं. सवय कर."

मला धड चालता येईना. पर्स दोघींच्या मध्ये आपटायला लागली. "मला भीती वाटतेय," मी म्हणाले. ती पुढे बघून चालत राहिली. परत म्हणाले, तरी तेच. तिचा कान गेल्यापासून या बाजूने मी कधी चाललेच नव्हते.

मग मी तिचा हात धरून तिला थांबवलं आणि त्या भर गर्दीत ओरडले, "मला भीती वाटतेय गं! तुला काही झालं म्हणजे?"

चार माणसं वळून बघायला लागली. ती हसली नाही, रागावलीही नाही.

"मलाही वाटतेय," ती म्हणाली. "म्हणून तर तुला या बाजूला घेतलं."