दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

तुळजापूरच्या आईवर माझी श्रद्धा आहे असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगत आले, पण खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी तिच्याशी भांडत होते. माझी लेक अश्विनी धर्माबादला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात तिला लातूरजवळच्या आमच्या मुरुडला आणली, तर दारातल्या दोन पायऱ्या चढून पोरगी उंबऱ्यावरच बसली. आडवी झाली की धाप लागायची, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डोळा लावायची. तिकडच्या डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला होता आणि आमच्या शेजारणी म्हणत होत्या, पहिलटकरणीला होतंच असं. मी रोज देवापुढे बसून खूण मागायची. आई, काय करू ते मला कळू दे. काही कळेना. शेवटी तिचे ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा घाबरून तिला लातूरला नेलं, जिथे डॉक्टर शिकतात त्या मोठ्या दवाखान्यात. विहीणबाईही मिळेल ती गाडी धरून धर्माबादहून आल्या.

मी मुळात तोंडाची फटकळ, त्यात शिकाऊ डॉक्टरांचा मला भारी राग. एक यायचा, छातीला नळी लावायचा, नाव-गाव-वय विचारून जायचा. तो गेला की दुसरा यायचा आणि तेच विचारायचा. चौथ्याला मी म्हणाले, "बाबा रे, एकदाच फळ्यावर लिहून ठेवा की." तो हसला आणि त्यानं पुन्हा वय विचारलं. आमच्या पोरीवर हे शिकून ऱ्हायलेत, असं मी विहीणबाईंना मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं म्हणाले. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दुपारी मेडिसिन विभागातून एक डॉक्टर पोरगी आली. मी पहिल्याच वर्षाला आहे, असं तिनं आपणहून सांगितलं. अश्विनीचं रक्त कमी भरलं होतं, संध्याकाळी रक्त चढवायचं ठरलं होतं आणि त्याआधी छाती तपासून ये म्हणून हिला पाठवलं होतं. तिनं अश्विनीला डाव्या कुशीवर वळवलं, डाव्या छातीखाली नळी टेकवली आणि डोळे मिटून किती वेळ ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, लहानपणी हिचे सांधे कधी सुजले होते का? ताप येऊन?"

माझी नजर आधी समोर गेली. विहीणबाई पलंगाच्या पलीकडे बसल्या होत्या. मी म्हणाले, "न्हाई बाई. तसलं कायबी झालं न्हाई." तिनं कागदावर लिहिलं आणि ती गेली.

ते खोटं होतं. अश्विनी दहा वर्षांची असताना तिचा घसा दुखला, ताप आला, मग गुडघे सुजले. ते उतरले तर घोटे. तेव्हाच्या डॉक्टरांनी मला बसवून समजावलं होतं की या तापानं हृदयाच्या झडपा खराब होतात, म्हणून दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन द्यायचं, दुखत असो वा नसो, वर्षानुवर्षं. मी इंजेक्शन सुरू केलं आणि तुळजापूरला नवसही बोलले. दीड वर्षात पोर अंगणात उड्या मारायला लागली. आम्ही जाऊन आईची ओटी भरली आणि घरी येऊन मी इंजेक्शन बंद केलं. देवीनं बरं केल्यावर पुन्हा सुई टोचत राहायचं म्हणजे तिच्यावर विश्वास नाही असं दाखवायचं, असं मला अगदी मनापासून वाटलं. पुढे लग्न जमलं तेव्हाही हे आम्ही झाकून ठेवलं. बरी झाली आहे, आता कशाला बोलायचं, असं नवऱ्याला आणि पोरीलाही बजावणारी मीच. आता विहीणबाईंसमोर तोंड उघडलं तर पोरीला सासरी काय काय ऐकावं लागेल, याची मला धास्ती होती.

मी वॉर्डाबाहेरच्या गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि हात जोडले. त्या वेळी मी काय मागितलं ते सांगायला संकोच वाटतो. मी म्हणाले, आई, माझ्या तोंडून काही न वदवता पोरीला वाचव. म्हणजे लेकही हवी होती आणि झाकलेलं झाकलेलंही राहायला हवं होतं.

परत पलंगाजवळ येऊन टेकते न टेकते, तोच ती पोरगी पुन्हा दारात. जिना चढून आल्यानं धापा टाकत होती. "काकू, रागावू नका, मला परत ऐकायचंय. मघाशी मला एक बारीक आवाज आल्यासारखा वाटला, पण खात्री नव्हती. तुम्ही नाही म्हणालात म्हणून तसं लिहिलं, पण मनातून जाईना. आमचे सर सांगतात, शंका आली की दोनदा ऐकायचं आणि दोनदा विचारायचं." तिनं पुन्हा अश्विनीला कुशीवर वळवलं, पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. आवाजात जरब नव्हती. आपलं चुकतंय की काय, अशी भीतीच होती. का कुणास ठाऊक, ती भीती बघून माझं सगळं अवसान गळालं. मला कुणीतरी दुसरी संधी देतंय, एवढंच त्या क्षणी जाणवलं.

"हाव," मी म्हणाले. "सुजलते. दहाव्या वर्षी." मग थांबताच येईना. इंजेक्शन, नवस, ओटी, सगळं सांगितलं. "सुई मीच बंद केली. आन् लग्नात तुमच्यापासून बी लपवलं, विहीणबाई."

विहीणबाई उठल्या, अश्विनीच्या पाठीमागची उशी सारखी केली आणि म्हणाल्या, "आता रडून ऱ्हायलात कशाला? डॉक्टरबाईला समदं नीट सांगा. आपल्याला भांडायचं ते पोरगी मोकळी झाल्यावर भांडू. ती माझी बी हाय." त्यांच्या त्या बोलण्याचं ऋण मी कधी फेडू शकणार नाही.

पुढचं भराभर झालं. संध्याकाळी रक्त चढवायचं रद्द केलं. या हृदयाला तो भार झेपला नसता, असं नंतर कळलं. आम्हाला हृदयाच्या विभागात नेलं. तपासणीसाठी बाहेर थांबलो तेव्हा त्या पोरीला मी विचारलं, इतके सगळे डॉक्टर एवढ्याशा काळजाला लागतात कशाला? ती सांगायला लागली. आधी साडेपाच वर्षं साधं डॉक्टर व्हायला. मग तीन वर्षं मेडिसिनची, ती आता तिथे होती. हृदयाचंच शिकायचं तर त्यानंतर आणखी तीन. तिथूनही वाटा फुटतात. कुणी रक्तवाहिन्यांतले अडथळे काढतो, कुणी नुसती ठोक्यांची लय बघतो, कुणी जन्मतःच छिद्र असलेल्या बाळांची हृदयं. छाती उघडणारे तर वेगळेच, त्यांचा रस्ता सर्जरीतून जातो. "मग तू घरी कवा जाणार गं?" मी विचारलं. "आईपण हेच विचारते," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी मला हसू आलं.

अश्विनीची एक झडप आकसून अगदी बारीक फट उरली होती. विभागाचे मोठे सर म्हणाले, बाळंतपणाचा ताण हे हृदय सोसणार नाही, त्याआधीच झडप मोकळी करावी लागेल. मांडीच्या शिरेतून नळी आत न्यायची आणि तिच्या टोकाचा फुगा फुगवून झडप उघडायची. बाळाला किरणांचा त्रास होऊ नये म्हणून पोटाला शिशाचं आवरण बांधायचं. आई-बाळ दोघांच्याही जिवाला धोका आहे, पण न करण्यात जास्त आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला आत नेलं. मी डोळे मिटले, पण या खेपेला नवस बोलले नाही. आई, ही तुझी, आतले हातही तुझेच, एवढंच म्हणाले. विहीणबाईंनी माझा हात धरून ठेवला होता.

दारातून पहिली बाहेर आली ती आमची डॉक्टर पोरगी. तिला आत उभं राहून बघायला परवानगी मिळाली होती. "उघडली, काकू. बाळाचे ठोकेपण छान आहेत," ती म्हणाली, आणि तिचेच डोळे भरून आले. संध्याकाळी अश्विनीनं मला हाक मारली. "आई, बघ, मी आडवी झोपले." तेवढं बोलून ती खरंच झोपी गेली. मी तिच्याकडे बघत बसले.

आता नात पाच महिन्यांची आहे. अश्विनीचं इंजेक्शन पुन्हा सुरू झालं आहे आणि त्याची तारीख विहीणबाई चुकू देत नाहीत. आमचं भांडण अजून व्हायचंच आहे. पण मला सांगायचं आहे ते दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवसाचं. मोठे सर आठ-दहा शिकाऊ डॉक्टरांना घेऊन पलंगाशी आले. त्यांची पद्धत अशी की सगळ्यात धाकट्यानं आधी बोलायचं, म्हणजे थोरांचं ऐकून त्याचं मत बदलत नाही. एकेकानं अश्विनीला विचारून तिची छाती ऐकली. मग सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "ताई, इंजेक्शन का थांबवलं ते तुम्ही यांना सांगाल का? मनात नसेल तर राहू द्या. पण हे पुस्तकात मिळत नाही."

चौदा वर्षं जे झाकलं, ते मी त्या परक्या लेकरांसमोर, विहीणबाईंच्या शेजारी उभी राहून सांगितलं. मान खाली जाईल असं वाटलं होतं, ती गेली नाही. कुणी हसलं नाही, कुणी देवीला नावं ठेवली नाहीत. मी आईकडे खूण मागत होते. तिनं माझ्याकडून फक्त खरं बोलणं मागितलं होतं. ते दिल्यावर मला फार हलकं वाटलं.

एका मुलीनं विचारलं, "काकू, तेव्हा तुम्हाला कुणीच विचारलं नाही का, इंजेक्शनला का येत नाही म्हणून?"

"न्हाई," मी म्हणाले. "तुम्ही विचारत जा, लेकरांनो. आन् माझ्यासारखी एखादी न्हाई म्हणली, तर परत विचारा."

सगळ्यांनी वह्या उघडल्या आणि ते लिहून घेतलं.