अंजूनं पुसलेली हिस्ट्री

चौसाळ्यात हायवेला लागून खताच्या दुकानावर एका संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. शेळ्या-मेंढ्यांना लस टोचली की कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि तारीख तिथल्या कॉम्प्युटरवर चढते. सटवा मेंढपाळाची अंजू चार वर्षांपासून तिथं ऑपरेटर. मेंढरांमागं न जाता खुर्चीवर बसणारी घरातली पहिलीच. टाइप करायला लागली की येणारा-जाणारा बघत राहायचा, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

शेजारच्या टेबलाशी राधाकिशनकाका, वय छप्पन्न. संस्थेचं काम अजून काळ्या स्क्रीनवर, कमांड टाइप करून चालतं. काका वहीत बघून, ओठ हलवत, एकेक अक्षर दाबायचे. अंजूनं मात्र लसीकरणाचा दौरा संपल्यावरच्या सगळ्या कमांडी एका बटणात बांधून ठेवल्या होत्या. ते बटण दाबलं की मॅक्रो, म्हणजे त्या कमांडींचा संच, आपोआप चालायचा : दौऱ्याच्या नोंदी मोठ्या डिस्कवर जायच्या आणि इथल्या पुसल्या जायच्या.

"अंजू, पुसायच्या आधी एकदा विचारू दे त्याला," काका म्हणाले होते. तिनं तशी सोय केली आणि आठ दिवसांत काढून टाकली. दर वेळी 'हो' कोण दाबत बसणार?

दिवाळीनंतरच्या एका दुपारी दोघांत एकच असलेल्या मशीनवरून उठून काका चहाला खाली गेले होते. अंजू तिथं बसली आणि तिनं बटण दाबलं. मोठी डिस्क भरलेली होती, म्हणून नोंदी गेल्याच नाहीत. तशी ओळही स्क्रीनवर आली, पण मॅक्रो थांबला नाही. पुढच्या कमांडीनं तीन आठवड्यांच्या, अकराशे मेंढरांच्या नोंदी पुसून टाकल्या.

कोणती कमांड किती वाजता दिली हे मशीन हिस्ट्रीत लिहून ठेवतं. अंजूनं ती हिस्ट्रीही पुसली.

संध्याकाळी नोंदी दिसेनात म्हणून संस्थेच्या प्रमुख वनमालाताईंनी मशीन तपासलं. दोघांचं लॉगिन एकच. हिस्ट्री रिकामी.

"आज यावर कोण बसलं होतं?"

"सकाळपासून मीच व्हतो," काका म्हणाले.

"मग हिस्ट्री का पुसली, काका?"

काकांनी वहीची पानं उलटून पाहिली. "आठवत न्हाई ताई. पण माझ्याच हातून झालं असंल. आजकाल बोट कुठं पडतं, कळत न्हाई."

अंजू बाजूला उभी राहून कागद लावत होती.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी कीबोर्डला हात लावायचं सोडलं. नुसती वही काढून बसायचे. "ही ओळ बरोबर हाय का गं?" असं तिलाच विचारायचे, आणि ती "बरोबर हाय, काका" म्हणायची. एकदा डबा द्यायला त्यांची बायको केशरबाई आली. तिनं अंजूला जिन्यात बाजूला घेतलं.

"माझ्या डोक्यात कायतरी बिघडलंय, असं हे म्हणत्यात. बीडच्या डॉक्टरला दाखवा म्हणत्यात. तू रोज सोबत असतीस, तुला काय वाटतं बाई?"

"तसं काय न्हाई, मावशी," अंजू पायरीकडं बघत म्हणाली.

नोंदी पुन्हा घ्यायच्या म्हणून पाटोद्याच्या माळाकडं गेलेले कळप माघारी बोलावले. त्यात सटवाचाही कळप होता. दोन दिवस चालून तो घरी आला आणि ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "राधाकिशननं पुसलं म्हनं सगळं. जाऊ दे, म्हातारं मानूस हाय."

"आबा, काकांनी न्हाई. म्या पुसलं."

सटवाचा घास हातातच राहिला. "किती दिस झाले?"

"बारा."

"बारा दिस गप बसलीस?" तो एवढंच म्हणाला आणि हात धुऊन उठला. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला झालं.

सकाळी तिनं वनमालाताईंसमोर, काकांच्या देखत सगळं सांगितलं. काकांचा चेहरा आधी मोकळा झाला, मग लालबुंद.

"चूक कुणाच्याबी हातून होती, अंजू. पण बारा दिवस मी येडा झालो म्हणून घरी रडत व्हतो. तू बाजूला बसून बघत व्हतीस." ते पिशवी उचलून निघून गेले.

तिसऱ्या दिवशी आले आणि मशीनवर बसले. आता ते तिच्याशी कामापुरतंच बोलतात. ताईंनी अंजूला काढलं नाही, पण पुन्हा नोंदी घ्यायला गावोगाव तिलाच पाठवलं.

नारायणगडाच्या पायथ्याशी मेंढरं राखणाऱ्या साखराबाईनं तिला विचारलं, "परवा-परवा तर नंबर घेतले व्हते, आता पुन्ना कावून?"

मशीन बिघडलं म्हणता आलं असतं. "माझ्या हातून पुसलं गेलं," अंजू म्हणाली. हे ती त्या दिवशी विसाव्यांदा सांगत होती, तरी कान तापलेच.

साखराबाईनं तिला वरखाली न्याहाळलं आणि एक मेंढी पुढं ओढली. "मंग ये, धर हिचा कान. लई हुंदडती ही."