दुसऱ्याची रेघ

घाटंजीच्या बसस्थानकाजवळ पेपरची एक टपरी आहे. तिथं ‘उल्काराज’चा नवा अंक लागला की शाळा सुटल्यावर पोट्ट्यांची झुंबड उडते. उल्केतून जन्मलेला, निळा झगा उडवत आभाळातून खाली झेपावणारा हा वीर त्यांना तोंडपाठ आहे. मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव ठळक छापलेलं असतं, अमर देवकुळे. ते नागपूरचे, हेही पोट्ट्यांना ठाऊक आहे. पण अंकातलं पानन् पान त्या टपरीमागच्या गल्लीत, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत तयार होतं, याचा कोणाला पत्ता नाही. ती पानं अंजू काढते.

अंजू घाटंजीजवळच्या बंजारा तांड्यावरची, शंकरसिंग राठोडांची धाकटी मुलगी. चित्रं काढायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिची याडी, म्हणजे आई मानीबाई, ओट्यावर बसून कांचळीच्या चोळीवर आरसे टाचायची आणि अंजू शेजारी बसून तिची बोटं काढायची. बाया पाण्याला निघाल्या की त्यांच्या पाठी काढायची. नुसती पाठ पाहून तांडा हसायचा, “हे धावजीची बायको! कंबर पाह्य ना कशी वाकडी टाकली पोरीनं.” तेव्हा तिची रेघ वेडीवाकडी होती, पण जिला काढलं ती लगेच ओळखू यायची.

यवतमाळला चित्रकलेचं शिक्षण झालं आणि नागपूरच्या एका चित्रकथांच्या कंपनीत तिला काम मिळालं. उल्काराज तिथलाच. अमर सर तेव्हा साठीला टेकलेले, कडक, पण शिकवायला बसले की वेळकाळ विसरायचे. सुरुवातीला अंजूच्या वाट्याला नुसत्या इमारती आल्या. पडणाऱ्या, जळणाऱ्या, खिडक्या फुटलेल्या इमारती. मग पळणारी गर्दी आली, मग झगा. उल्काराजच्या तोंडाला मात्र हात लावायचा नाही, ते सरांचं. ती मागे उभी राहून बघायची. जबडा ते दोन फटकाऱ्यांत काढायचे, डोळ्याखाली तीन आडव्या रेघा टाकायचे, आणि मान अशी काढायचे की माणूस आत्ता गर्जना करणार. घरी येऊन ती तेच गिरवायची.

एका सकाळी सरांनी ब्रश उचलला आणि परत खाली ठेवला. हात थरथरत होता.

“अंजू,” ते म्हणाले, “आज जबडा तू काढ.”

तिनं काढला. सरांनी पान उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. “माझाच आहे,” ते म्हणाले.

त्या दिवशी तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. सरांना कंपवात जडला होता. कंपनीचे मालक किसनराव यांनी तिला बोलावून समजावलं, “हे पाह्य पोरी, वाचकाले फरक नाही कळला पाहिजे. उल्काराज म्हणजे अमर देवकुळे. ते नाव गेलं तर कंपनी बसते.” तिनं मान डोलावली. तिच्यावर जबरदस्ती कोणी केली नाही. सरांसाठी तिनं आनंदानं हे पत्करलं होतं, आणि थोड्याच दिवसांचं तर होतं.

मग लग्न झालं. नवरा जीवन पवार, घाटंजीतच मोबाइल दुरुस्तीचं दुकान. कंपनीनं घरून काम करायला लगेच होकार दिला, उलट किसनरावांना बरंच वाटलं. ती ऑफिसात नसली की कोणाला शंका यायची नाही. जीवननं स्वतः वरच्या खोलीत टेबल लावलं, दिवा लावला, स्कॅनर जोडला. नातेवाइकांना सांगायचं, अंजू कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते. ते खोटंही नव्हतं. सगळे चांगलेच वागत होते तिच्याशी, म्हणून तक्रार करायलाही जागा नव्हती.

तिनं एकदा मात्र स्वतःची गोष्ट लिहून पाठवली. जुन्या काळी बैलांच्या पाठीवर मीठ लादून तांडे देशभर फिरायचे, त्या लदेणीतली एक मुलगी. रात्रीच्या चांदण्यांवरून वाट काढणारी, लुटारूंना एकटी अंगावर घेणारी. किसनरावांचा फोन आला. “गोष्ट झकास हाय. आपण घेऊन राह्यलो.” अंजू जिन्यातच बसली. मग त्यांनी पुढचं सांगितलं. मुलगी नवी, तिला कोण ओळखतो? लुटारू येतात तेव्हा उल्काराज काळ ओलांडून येतो आणि तांडा वाचवतो. पटकथा आली. त्यात ती मुलगी होती, दोन चौकटींत, हात जोडून उभी. अंजूनंच ती काढली.

अंक तांड्यावर गेला तेव्हा तिचा भाऊ बादल घरोघरी दाखवत फिरला. “आपला तांडा पुस्तकात आला!” तांड्याचे प्रमुख डोमाजी नायकांनी तर गूळ वाटला. अंजूनं गूळ खाल्ला.

उन्हाळ्यात मानीबाईंनी मुलीला एक काम सांगितलं.

“मायं चित्र काढून दे.”

“फोटो काढते ना याडी. मोबाइल कायले हाय?”

“फोटोत मी आताची दिसीन. मले तशी काढ. फेटिया, कांचळी, दंडात बलिया, कानाशी घुगरी. अंगावरचं आता काहीच नाही राह्यलं, बादलच्या लग्नात मोडलं ते. पण तुनं पाह्यलं हाय. तुले आठवते.”

अंजूला सगळं आठवत होतं. दंडभरच्या बलिया बांगड्या, आणि कानाशी लोंबणाऱ्या चांदीच्या घुगरीचा आवाजही. ती दुपारी खोलीत बसली आणि एका बैठकीत चित्र पुरं केलं. घेर पडलेला फेटियाचा घागरा, आरशांची चमक, सगळं जिथल्या तिथं. मानीबाईंनी कागद हातात धरला. नातवाला दाखवला. परत आपल्याकडे वळवला.

“लय सुंदर हाय,” त्या म्हणाल्या. “पण हे कोण होय?”

“तू होय.”

“मी नोहो माय. हे तर लढाईले निघाली.”

अंजूनं पाहिलं. जबडा दोन फटकाऱ्यांत काढलेला होता. डोळ्यांखाली तीन रेघा होत्या. तिची अशक्त, बारीक मानेची आई उल्काराजची मान घेऊन उभी होती.

हसून तिनं दुसरं काढायला घेतलं. मग तिसरं. समोर आईला बसवून, जबडा जपून, पेन्सिल हलकी धरून काढलं, तरी हात वळणावर आला की आपोआप वळायचा, जसा बैल सांगितल्याशिवाय घराच्या गल्लीत वळतो. तिनं जीवनला काढून पाहिलं, खालच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला काढून पाहिलं. खोलीभर उल्काराजचे भाऊबंद झाले. तेव्हा ती घाबरली. आजवर तिला वाटत होतं, आपण नाव दिलं, रेघ तर आपल्याजवळच आहे. सर थांबले की आपण आपलं सुरू करू.

“सोडून दे मंग,” जीवन म्हणाला. “दुकान चालू हाय ना आपलं. कायले एवढा जीव जाळतं?”

“सोडून काय करू?”

“आपलं काढ.”

“तेच तं नाही राह्यलं,” ती म्हणाली. जीवनला ते नीट कळलं नाही, पण त्यानं तिला नागपूरच्या गाडीत बसवून दिलं.

ती सोडायचं ठरवूनच गेली होती. किसनरावांनी ऐकून घेतलं, चहा मागवला. “तू जाशीन तर मी अडवत नाही. पण तुझ्याबिगर हा हात कोणाले येते? उल्काराज बंद झाला तर हे सगळे,” त्यांनी काचेपलीकडच्या माणसांकडे बोट दाखवलं, “कुठं जातीन? आणि सरायले काय सांगू? आधी तूच सांग त्यायले.”

सर घरी खाटेवर होते. हात चादरीखाली ठेवलेले, तरी चादर हलत होती. अंजूनं आईच्या चित्राचं सांगितलं. ते हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत, म्हणाले, “त्या कपाटात वर एक गुंडाळी आहे. काढ.”

तिनं गुंडाळी उघडली. पातळ नेसलेल्या एका बाईचं चित्र होतं, खिडकीशी बसलेल्या. जबडा करारी. मान ताठ. डोळ्यांखाली तीन रेघा.

“माझी बायको, विमल,” सर म्हणाले. “ती गेल्यावर काढलं. फोटो समोर ठेवून काढलं, तरी असं आलं. फाडवलं नाही, लावायचीही हिंमत झाली नाही. ती इतकी मऊ होती गं तोंडानं.”

“सर, मंग तुम्ही काय केलं?”

“काय करणार? दुसऱ्या दिवशी अंक द्यायचा होता.”

तिनं गुंडाळी होती तशी वळून कपाटात ठेवली. सोडून जातेय, हे सांगायचं राहूनच गेलं. निघताना सरांनी तिचा उजवा हात दोन्ही थरथरत्या हातांत धरला. “मी तुला चांगलं शिकवलं असं लोक म्हणाले असते,” ते म्हणाले. “मला नाही तसं वाटत आता.”

घाटंजीला आल्यावर ती पानं काढू लागली, पहिल्यासारखीच. फक्त रविवारी तांड्यावर जायची, आईला ओट्यावर बसवायची आणि पेन्सिल डाव्या हातात धरायची. डाव्या हाताला काहीच येत नव्हतं, हाच त्याचा गुण. रेघ ओढताना बोटं दुखायची, पहिल्या खेपेला तर नुसता गुंता झाला. मानीबाई न कंटाळता बसायच्या. मग एका रविवारी त्यांनी कागदावर बोट ठेवलं. “हे नाक मायं होय.” बाकी तोंड कोणाचंच नव्हतं. त्यापुढे ते चित्र बरेच रविवार तिथंच अडलं.

थंडीत सर गेले. अंजू रडली, आणि रडता रडता तिच्या मनात आलं की आता लपवायचं कारण संपलं. जीवनच्याही तेच मनात होतं. “आता सांगतीन ते तुयं नाव,” तो म्हणाला.

नागपुरात शोकसभा झाली. सभागृह गच्च भरलं होतं, कोणी लहान मुलांना उल्काराजचा झगा घालून आणलं होतं. किसनराव बोलायला उठले. त्यांना झालेलं दुःख खरं होतं. सरांनी शेवटपर्यंत आजाराशी झुंज देत काम केलं, ते म्हणाले, आणि पुढची कित्येक वर्षं पुरतील इतकी पानं काढून ठेवली. उल्काराज थांबणार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या अंजूला कळायला क्षणभर लागला. जिवंत माणसाचं काम कधीतरी थांबतं. मेलेल्या माणसाचं थांबवायचं कोणी?

शेजारी एक टक्कल पडलेले गृहस्थ डोळे पुसत होते. त्यांच्या मांडीवर ताजा अंक होता. त्यांनी मधलं मोठं चित्र उघडून तिच्यासमोर धरलं, भर वादळात उल्काराज पूल खांद्यावर पेलून धरतो ते.

“पाहा ताई, शेवटच्या दिवसातही काय हात होता या माणसाचा!”

ते पान तिनं सर्दीतापात, ब्लँकेट गुंडाळून काढलं होतं. पुलाच्या कडेला पळणाऱ्या बायांत एकीची कंबर थोडी वाकडी होती. ते तिनं मुद्दाम केलं नव्हतं. तिलाही ते आत्ताच दिसलं.

“हो,” ती म्हणाली. “चांगला हात होता.”

सभा संपल्यावर किसनराव दाराशी भेटले. त्यांनी इतरांपेक्षा जरा जास्त वाकून तिला हात जोडले. तिनंही नमस्कार केला. होळीच्या अंकाची पटकथा सकाळीच तिच्या मोबाइलवर येऊन पडली होती.

यवतमाळला गाडी बदलून ती घाटंजीला उतरली तेव्हा जीवन मोटरसायकल घेऊन उभा होता. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि नावाचा विषय काढला नाही.

“कसं झालं?”

“चांगलं झालं. माणसं लय होती.”

“उद्या काम हाय?”

“हाय,” अंजू म्हणाली आणि त्याच्या मागे बसली.