आबा आणि पाण्याखालचे शेजारी

आबा तंबू ठोकण्याआधी शेतमालकाला फोन करायचे. ते शेत सरकारजमा होऊन पन्नासेक वर्षं झाली होती, मालक दुसऱ्याच गावी वसला होता आणि जमीन वर्षातले बरेच महिने पवना धरणाच्या पाण्याखाली असायची. आबांना या तिन्ही गोष्टी ठाऊक होत्या. तरीही फोन झाल्याशिवाय जीपच्या टपावरचा तंबू खाली उतरत नसे.

मी लोणावळ्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. दर मे महिन्यात, धरणाचं पाणी उतरलं की मी आणि आमचे गणिताचे सर कुसगावच्या आबांची जीप ठरवायचो. तीन दिवस धरणाच्या कडेकडेनं फिरायचं आणि संध्याकाळ होईल तिथे मुक्काम करायचा. माझ्या मोबाइलवरच्या नकाशात तिथे नुसता निळा रंग होता. आबा त्या निळ्याकडे बोट करून, "ती चावडी, त्याच्या म्हागं म्हादूचं खळं, तितनं वर आमचं घर," असं सांगत सावकाश गाडी हाकायचे. धरणासाठी गाव उठलं तेव्हा ते दहा-बारा वर्षांचे होते. नकाशा बघून मी एकदा रस्ता सुचवला, तर म्हणाले, "मास्तर, तुमी वर्गात शिकवा."

फोनवरचं बोलणं ठरलेलं असे. "मावशी, मी हनमंत. तुमच्या वरल्या खाचरात तंबू ठोकतोय. दोन मास्तर झोपत्याल. चालंल न्हवं?" त्या मावशींनी एकदा विचारलं, बांधावरचा आंबा आहे का अजून? आबा उतरून बघून आले. "खोड हाय," म्हणाले. मग मावशींनी "ठोका" म्हटलं. एका गृहस्थांनी मात्र चक्क नकार दिला. गेल्या वर्षी तुमच्या मास्तरांनी चुलीची राख तशीच टाकली होती, म्हणाले. ही बातमी त्यांना आबांनीच पुरवली होती. आम्ही अंधार पडायच्या आत मुकाट्यानं दुसऱ्याच्या शेतात गेलो.

सगळ्यात देखणी जागा मात्र आम्हाला कधीच मिळाली नाही. तुंग किल्ल्याच्या समोर पाण्यात शिरलेला एक सपाट तुकडा होता. मी दरवर्षी विचारायचो आणि आबा दरवर्षी गिअर बदलायचे. शेवटी एकदा मी हट्टच धरला, तर म्हणाले, "त्यो तुकडा माजाच हाय."

"मग अडलंय कुठे?"

"वाट नानाच्या शेतातनं जाती."

नाना हे आबांचे चुलतभाऊ, राहायला सोमाटण्याला. दोघांच्या वडिलांचं या वाटेवरून बिनसलं होतं आणि नानांच्या वडिलांनी वाटेवर बाभळीच्या फांद्यांची काटी टाकून ती बंद केली होती. मग धरण आलं. दोन्ही घरं वेगवेगळ्या ट्रकमधून गाव सोडून गेली. शेत, वाट, काटी सगळं पाण्याखाली गेलं. भांडण तेवढं कोरडं राहिलं. मी म्हटलं, आबा, शनिवार-रविवारी पोरं स्पीकर लावून तिथे नाचतात, त्यांना कोण अडवतं? आबा म्हणाले, "त्यास्नी म्हायती न्हाई. मला म्हायती हाय." मला त्यांचा खरोखर राग आला. शिकवून उपयोग नाही अशा विद्यार्थ्याचा येतो तसा.

गेल्या वर्षी आबांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली, मुलानं जीपला गिऱ्हाईक शोधलं. त्या मे महिन्यातली फेरी शेवटची होती. त्या तुकड्याच्या वर रस्त्याकडेला आबांनी गाडी थांबवली आणि दोन चहा होईपर्यंत फोन हातात धरून बसले. लहानपणानंतर त्या मातीत त्यांचा पाय पडला नव्हता, आणि आता नाही तर कधीच नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मग त्यांनी नंबर लावला.

"नाना, मी हनमंत. खालच्या तुकड्यात जायाचं हाय. तुज्या शेतातनं जाऊ का?"

क्षणभरात फोन बंद झाला. "थांब म्हनला," आबा म्हणाले, आणि थांबले. दीड तास. गणिताच्या सरांनी घड्याळ दाखवलं, मी चिडचिड केली, आबा हलले नाहीत. मग एक रिक्षा येऊन थांबली आणि पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे उतरले. त्यांच्या हातात कोयता होता. गणिताचे सर जीपमध्ये जाऊन बसले.

नाना कुणाकडेही न बघता उतार उतरून गेले आणि भेगाळलेल्या गाळात उभे राहून इकडेतिकडे पाहू लागले.

"काटी हितंच व्हती," ते म्हणाले. "काडाया आलो."

"हितं न्हाई. जरा वर," आबा म्हणाले.

काटी नेमकी कुठे होती यावर दोघांचा पाच मिनिटं वाद झाला. शेवटी नानांनी आबांची जागा मान्य केली, कोयता काखेत धरला, वाकले आणि तिथे नसलेलं काहीतरी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं. "जा," म्हणाले. आबांनी चपला काढल्या आणि गेले. मी रस्त्यावर उभा राहून रडलो. सांगायला लाज वाटत नाही. त्या दिवशी तिथे तंबू ठोकायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आबा श्रावणात गेले. धरण काठोकाठ भरलं होतं. रक्षा त्या तुकड्यावरच सोडायची असं घरच्यांनी ठरवलं. नावेत आबांचा मुलगा, नाना आणि मी. नानांनी बोट करून जागा दाखवली, तसा नावाडी काठापासून सरळ तिकडे निघाला. समोर सगळीकडे पाणीच होतं, कुठूनही गेलं तरी पोचणार होतो.

"आरं, असं न्हाई," नाना त्याच्यावर ओरडले. "त्याला वाटंनं न्ये. माज्या शेतातनं."